रामेश्वरची मॅटाडोर

जालन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. एक म्हातारं जोडपं डॉक्टरकडून बाहेर आलं आणि माझ्या शेजारी बाकावर टेकलं. म्हातारा साखर कारखान्यातला जुना फिटर.

"चल, आता रामेश्वरला निघूच. मॅटाडोर बिलकुल तयार हाय."

"दरसाली तयारच व्हती."

"तसं न्हाई. जुनं डिझेल इंजिन हाय ते. कारखान्यात हंगाम संपला की आम्ही अख्खी मिल खोलायचो. बिघाडाची वाट बघत न्हाई बसायचो. गाडीचंबी तसंच. औंदा ऑइल, फिल्टर, पट्टा, समदं नवं टाकलं. रेडिएटरचे पाइप तेवढे राह्यले."

"मागं पलंग हाय ना?"

"हाय की. स्टोव्हला फळीबी ठोकली. आन् तुला निजल्या निजल्या समुद्र दिसंल, अशी खिडकी काढली."

"डॉक्टर काय म्हणले, ऐकलं न्हाई का तुम्ही?"

"ऐकलं. पाइप टाकले की निघू."

"नस वाळून गेली म्हणले. आता नजर परत यायची न्हाई. मला दोन साल आधी आणायला पाह्यजे व्हतं."

"मंग तू बोलायचं न्हाई का?"

"बोलले व्हते. दोनदा. तुम्ही गाडीखाली व्हते."

म्हाताऱ्यानं तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

"अहो, गाडी पांढरीच हाय ना?"

"निळी हाय. मागल्या दिवाळीतच रंग दिला न्हाई का मी?"

"मी पांढरीच समजून राह्यले व्हते."