डोळा आणलाय का?

…आणि वर मलाच म्हणतात, "भैया, आप सवाल बहुत पूछते हो!" अहो, विचारू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, इथं हिंदी मुलखात, पिपलानीच्या बाजारात बावीस वर्षं मेडिकल चालवतोय मी, पण यंदाच्या डोळे येण्याच्या साथीत जे भोगलं ना… जाऊ दे. सकाळी शटर अर्धं वर होतंय तोच गिऱ्हाईक वाकून आत. "वो लाल आँख वाला ड्रॉप दे दो." कुणासाठी? "मामाजी के लिए." मामाजी कुठायत? "अशोका गार्डन में." अरे बाबा, मामाजी तिकडे अशोका गार्डन मोहल्ल्यात आणि तू इथं, मग मी औषध काय तुझ्या तोंडाकडे बघून देऊ? म्हणून मी आपला एकच प्रश्न विचारतो : डोळा आणलाय का?

हसता काय! लोकांना वाटतं लाल डोळा म्हणजे लाल डोळा, त्यात बघायचं काय? परवा एम. पी. नगरच्या कोचिंगमधला एक मुलगा आला, एक डोळा लालबुंद, उजेडाकडे बघवत नाही, आत कुणीतरी टोचतंय म्हणाला. लेन्स घालतोस? "हाँ भैया, पहनके ही सो गया था." म्हटलं, काढ ती आधी आणि नीट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आत्ता. "ड्रॉप से नहीं होगा?" नाही होणार! त्याच्यामागे एक साहेब, खोकता खोकता डोळ्याच्या पांढऱ्यावर रक्ताचा डाग पडलेला, मृत्युपत्र करायच्या बेतात. दुखतं का? नाही. दिसतं नीट? दिसतं. म्हटलं, मग बीपी तपासून घ्या आणि दोन आठवडे आरशात बघू नका, जाईल आपोआप. रागावले हो! एवढ्या लाल डोळ्याला एक बाटलीसुद्धा नाही म्हणजे त्यांना अपमानच वाटला. आणि ज्यांचे खरंच आलेत, दोन्ही डोळे चिकट, वाळू गेल्यासारखे, त्यांना सांगतो की हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, तर ते डोळे चोळून त्याच हातानं माझ्या काउंटरवर टेकतात!

पण हे सगळे परवडले. आमच्या कारखान्याच्या क्वार्टरांच्या लाइनीत लीलावतीकाकू आहेत, त्यांची बाटली तुम्हाला माहीत नाही. कारखान्यातल्या फोरमनच्या पत्नी, मराठी मंडळाच्या कायमच्या अध्यक्ष, मला झबल्यात असल्यापासून ओळखतात. तर त्यांच्या मिस्टरांचं तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यातली उरलेली बाटली फ्रिजमध्ये, लिंबाच्या लोणच्याशेजारी. स्टिरॉइडची, डॉक्टरनं सांगितल्याशिवाय डोळ्यात घालायचीच नाही अशी! कुणाचा डोळा लाल झाला की काकू हाक मारणार, "ये गं, टाकते दोन थेंब." अख्ख्या लाइनीत बाटली फिरली, आणि बाटलीबरोबर साथही घरोघर हळदीकुंकू करून आली. मी सांगायला गेलो तर, "भालू, तू कालचा पोरगा, मला शिकवतोस?" कालचा पोरगा पन्नाशीला आलाय, काकू!

तर त्या दिवशी संध्याकाळी नुकते दिवे लागलेले, दुकानात ही गर्दी, आणि शेजारच्या क्वार्टरमधली तन्वी मोबाइल नाचवत आली. काकूंच्या त्याच बाटलीचा फोटो. "अंकल, ये खतम हो गया, काकूंनी सेम मागितलाय. त्यांचा डोळा लाल झालाय." मी सवयीनं खेकसलो, डोळा आणलाय का? तर म्हणते, "काकू कशा येणार? डोकं फुटतंय म्हणून झोपल्यात, दोनदा उलटी झाली. पित्त आहे म्हणतात. आणि अंकल, त्यांना बल्बभोवती रंगीत गोल दिसताहेत, धुक्यातल्यासारखं दिसतं म्हणतात…"

तुम्हाला सांगतो, हातातलं बिल तसंच टाकलं मी. एकच डोळा, दुखणं, उलटी, दिव्याभोवती इंद्रधनुष्य… हे डोळे येणं नव्हे हो! हा काचबिंदूचा झटका, डोळ्यातला दाब एकदम चढतो, आणि काही तासांत नजर जाते. बावीस वर्षांत पहिल्यांदा गर्दीच्या वेळी शटर खाली ओढलं. लोक ओरडताहेत, "अरे, पैसे तो ले लो!" डोळा येत नाही ना? मग मी गेलो डोळ्याकडे!

काकू डोक्याला फडकं बांधून पडलेल्या. टॉर्च मारला, तर बाहुली मोठी आणि उजेडाला हलायला तयार नाही. म्हटलं, काकू, रिक्षा उभी आहे, चला. "काही नको! ड्रॉप टाक आणि जा. आठ वाजता गणपतीची मीटिंग आहे, मी गेले नाही तर ती विजया अध्यक्ष होऊन बसेल!" म्हटलं, होऊ दे! "होऊ दे?" काकू तडक उठून बसल्या. खरं सांगू? मला तेव्हा रडू येत होतं. लहानपणी परीक्षेला जाताना याच बाईनं हातावर दही ठेवलेलं. म्हटलं, काकू, एकदा, फक्त एकदा या कालच्या पोराचं ऐका. काय वाटलं कोण जाणे, पायात चपला सरकवल्या.

हॉस्पिटलात सलाइन, ड्रॉप, मग लेसर. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर नजर गेली असती. मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि चहा मागवला. नजर वाचली हो! काकूंनी डोळा उघडल्यावर पहिलं वाक्य, "भालू, किती वाळलास रे!"

आता तुम्ही म्हणाल, झालं, सगळे सुधारले असतील. सुधारले! काकूंनी सगळ्यांसमोर ती जुनी बाटली कचऱ्यात टाकली आणि जाहीर केलं, "भालूनं सांगितलंय, एकमेकांची बाटली वापरायची नाही. प्रत्येकानं आपापली घ्यायची." केवढा आनंद झाला मला! दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग, आणि प्रत्येकाच्या हातात काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी. वाचली. काकूंच्या काचबिंदूच्या औषधाचं नाव! "भैया, वही दो जिससे काकू की आँख बची!"

अकरा जणांना परत पाठवलं. बारावी मागणी घरून, फोनवर, आमच्या बायकोची, मंजूषाची. "अहो, डोळा लाल झालाय, येताना काकूंचा ड्रॉप आणा, चिठ्ठीचा फोटो पाठवलाय." माझं डोकंच फिरलं. ओरडलो, मंजूषा, डोळा आणलाय का?

शांतपणे म्हणाली, "एकवीस वर्षं रोज समोर आणतेय. कधी बघितलात?"

…आता सांगा, यावर कुठला ड्रॉप देऊ?