हायलँडची पोरं कुठल्या गाडीनं येणार होती?

(स्कॉटलंडच्या उत्तरेतलं डिंगवॉल, जून १९९०. मर्डो आणि आयला मॅथेसन या म्हाताऱ्या जोडप्याचं स्वयंपाकघर. चहाला आलेली पुतणी कर्स्टी, शाळेत इतिहास शिकवणारी.)

मर्डो : एकदा नाही म्हटलं ना! छातीवर बिल्ले लावून उभं करायला मी काय जत्रेतला बैल आहे?

कर्स्टी : दोनच मिनिटं हो काका. पन्नास वर्षं झाली म्हणून कार्यक्रम आहे, आधी हॉलमध्ये चर्चिलचं जून चाळीसचं भाषण लावणार. मग तुम्ही उठून सांगायचं, ते ऐकून तुम्हा पोरांना कसा धीर आला.

मर्डो : ऐकून? अगं, त्या दिवशी मी फ्रान्समध्ये सॉम नदीजवळ एका शेतात पालथा पडलो होतो. पहाटे आमचा हल्ला झाला, दुपारपर्यंत निम्मी पोरं गेली. रेडिओ काय गव्हात उगवला होता?

कर्स्टी : पण जर्मनांच्या वेढ्यातून, डंकर्कच्या किनाऱ्यावरून सगळे परत आले, त्यानंतरचं ना ते?

मर्डो : सगळे! घ्या! पन्नास वर्षं हेच. होड्या आल्या, चहा पाजला, सगळे परत. आणि फ्रान्समध्येच राहिलेली आमची हायलँड डिव्हिजन? आठ दिवसांनी सें-व्हालेरी गावात जर्मनांना शरण गेलो आम्ही. तिथून जर्मनीकडे पायी हाकललं, मग पाच वर्षं कैदेत, मिठाच्या खाणीत. तो चर्चिल भाषणात म्हणतो, आम्ही कधीच शरण जाणार नाही. अरे बाबा, आम्ही गेलो होतो!

आयला : तिच्यावर कशाला ओरडतोस? तिचा तेव्हा जन्म तरी झाला होता का? आणि भाषण मी ऐकलंय. याच घरात, रेडिओवर, चर्चिलच्याच तोंडून.

मर्डो : झालं सुरू हिचं.

कर्स्टी : काकू, रागावू नकोस. त्या दिवशी तो रेडिओवर बोललाच नाही. पार्लमेंटमध्ये बोलला. रेडिओवर बातम्यांत दुसऱ्यानंच थोडं वाचून दाखवलं. आपण ऐकतो ती रेकॉर्ड युद्धानंतरची.

मर्डो : हे माहीत असून तू ती हॉलमध्ये लावतेस?

कर्स्टी : मग काय करू? कमिटीत बोलले, तर म्हणाले, मास्तरीणबाई, लोकांच्या आठवणींत नाक खुपसू नका!

आयला : म्हणजे मी ऐकला तो आवाज कुणाचा?

कर्स्टी : बातम्या देणाऱ्याचा असेल.

आयला : असेल बाई. पण तीन लाखांवर माणसं सुखरूप आणली, हे मी या कानांनी ऐकलं.

मर्डो : बरं. मग?

आयला : मग काय! लग्नाला चार महिने झालेले. एवढ्या लाखांत माझा एक नसेल? दुसऱ्या दिवसापासून तुझी आई नि मी स्टेशनवर. दक्षिणेकडची प्रत्येक गाडी बघायचो.

मर्डो : हे कधी बोलली नाहीस तू.

आयला : कधी बोलणार? चर्चिलचं नाव काढलं की तू तरातरा बाहेर. भाषण ऐकलं, एवढंच तुझ्या कानावर पडायचं. पुढचं भिंतीला सांगू?

मर्डो : किती दिवस गेलात?

आयला : ऑगस्टमध्ये रेडक्रॉसकडून कळलं, कैदेत आहेस म्हणून. मी स्टेशनवर जायचं थांबवलं. आई मात्र जातच राहिली.

मर्डो : का? मी येणार नाही, हे कळलं होतं ना तिला?

आयला : म्हणायची, दुसऱ्या कुणाचा तरी येईल.

कर्स्टी : काकू, हे हॉलमध्ये सांगशील?

आयला : मी? मी कुठे लढले?

मर्डो : सांगेल ती. आणि कर्स्टी, तुझ्या कमिटीला बजाव, आधी हिचं ऐकायचं. मग लावा हवी ती रेकॉर्ड.

कर्स्टी : ते चिडतील.

मर्डो : चिडू देत. मी बसतो पहिल्या रांगेत, बिल्ले लावून. बघू कोण मध्ये बोलतो ते.

आयला : आता का उठलास? चहा तरी संपव.

मर्डो : उठलो नाही. खुर्ची जवळ घेतोय. स्टेशनवर काय करायची आई?

आयला : ओट्सच्या भाकऱ्या फडक्यात बांधून आणायची. जो शिपाई उतरेल त्याच्यापुढे धरायची. नाव नाही, गाव नाही. म्हणायची, खा रे बाळा, आई वाट बघत असेल.