बुडालेली मोटर

टेंभुर्णीत मोटर दुरुस्तीच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. शेजारी गाळानं माखलेली मोटर घेतलेले मकदूमचाचा आणि माहेरहून परतताना मिक्सर न्यायला थांबलेली, त्यांच्याच गावची शालन.

“चाचा, मोटर जळाली व्हय?” शालननं विचारलं.

“बुडाली.”

“कशी? पाऊस तर कुटंच न्हाय!”

“वर पुण्याकडं लई झाला की. उजनीचं पाणी बघता बघता चढलं.”

“मग मोटर मागं वढायची की!”

“सवयच मोडली. उन्हाळाभर पाणी आटत गेलं, तसा पाइप जोडत मोटर पुढंच नेली.”

“अन् वर हसताय?”

“हसू न्हाय तर काय! उन्हाळाभर मी पाणी हुडकत हिंडलो. आता पाणीच मला हुडकत आलं.”

“अगं बया! आमची मोटर पण तितंच काठाला हाय!”

“मग जा, घिऊन ये. तुजा नंबर धरून ठेवतो.”