तोंड माझ्याकडं करून बोला

जरा उजेडाकडं तोंड करून बसा, हां, अस्सं. आणि वहीत मान घालून इचारू नका, आधी माझ्याकडं बघून इचारा, मग लिहीत बसा तुमचं. तर आम्ही मूळचे सायखेड्याचे, जात तांबट, वडील गावोगाव फिरून हंडे-घागरींना कल्हई करायचे, फुटकं सांधून द्यायचे, त्यात घर काय भागायचं नाय म्हणून मामानं मला नाशकात आणलं, मिसरूड बी फुटलं नव्हतं तेव्हा. मामाचा कारखाना भांडीबाजाराच्या मागच्या गल्लीत. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची लांबट खोली, आम्ही ओळीनं बसलेलो, पायाशी तांब्याची भांडी आणि सगळ्यांचे हातोडे एकदम. पहिल्या दिवशी मी कानावर हात ठेवून रडलो. मामा हसला, म्हणाला होईल सवय. झाली की. इतकी झाली की सुट्टीच्या दिवशी दुपारी मला झोप लागायची नाय, ठोके नाहीत म्हणून.

आता तिथं बोलायचं कसं? घसा फाडला तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाय. म्हणून आमच्यात सगळं ओठांवर चालायचं. आवाज काढायचाच नाय, नुसते ओठ मोठे मोठे हलवायचे, जोडीला भुवया, हनुवटी. चहा सांग, तो हातोडा दे, तुझ्या पोरीचं जमलं का, सगळं त्यातच. गिऱ्हाईक दारात उभं असलं तर त्याच्या देखत त्याच्याच पोटावर चेष्टा चालायची, सगळी ओळ हसायची, आणि त्या बिचाऱ्याला वाटायचं ही माणसं येडी हायेत. काय सांगू तुम्हाला, आयुष्यात सगळ्यात जास्त मी त्या गोंगाटात बोललोय.

लग्न झाल्यावर इंदूला, म्हणजे माझ्या बायकोला, मीच शिकवलं ते. ती दुपारी डबा घेऊन यायची. एखाद्या दिवशी मी कामाच्या नादात सकाळचं काय न खाता तसंच निघून आलेलो असायचो, तर दारातूनच ओठांनी इचारायची, जेवला का? मी मान हलवून खोटंच हो म्हणायचो, तर डोळे वटारायची. पहिल्यांदा लाजायची चारचौघांत तोंड हलवायला. मग अशी पटाईत झाली की लग्नाच्या पंगतीत मांडवाच्या त्या टोकाहून मला दटावायची, पुरे आता जिलबी, घरी जाऊन पोट धरून बसाल.

कान कधी गेले ते मला ठाऊकच नाय बघा. भांडं ठोकताना पत्रा पातळ पडला की आवाज बदलतो, तिथं हात थांबवायचा असतो. माझा हात थांबेना. एक घंगाळ फाटलं, मग बंबाची टाकी फाटली, मग हंडा. मामा कधीच गेला होता, मामेभाऊ मालक, चांगला माणूस, म्हणाला, दादा, आता आराम करा. आराम करा म्हणजे काय ते मला कळतं. मग गंगापूर रोडला एका बिल्डिंगवर वॉचमन लागलो. गाडीवाले मागून हॉर्न देऊन देऊन दमायचे आणि मी आपला त्यांच्याकडं पाठ करून रस्त्याची गंमत बघतोय. तिथूनही आराम करा म्हणाले.

मग ते मास्क आले. सगळ्यांची तोंडं झाकली आणि मी एका दिवसात बहिरा झालो. पण मला वाटायचं मास्कमुळं लोक पुटपुटतात, माझ्या कानाला काय धाड भरलीय? इंदू रस्त्यात मास्क खाली ओढून माझ्याशी बोलायची. पोलीस दटावायला आला तर त्याला म्हणाली, नवऱ्याशी बोलतेय, तुमच्याशी नाय. घरात मला सगळं ऐकू यायचं, तिचा शब्द न् शब्द, मग मी बहिरा कसा? ती म्हणायची, अहो, अपंगाचं सर्टिफिकेट काढा, त्याच्यावर सरकारची महिन्याची पेन्शन मिळती, आता काम होत नाय तुमच्यानं. मी चिडायचो. बहिरा असंल तुझा बाप, म्हणायचो. ती मशीनवर बसून ब्लाउज शिवायची. त्या शिवणावरच घर चाललं.

इंदू गेली त्याला आता दोन वर्षं होतील. किडनी. तिचं शिवणाचं मशीन तिथंच हाय बघा, कपडा घातलाय त्याच्यावर.

सुरेखा, आमची एकुलती एक पोर, सटाण्याला दिलीय. ती म्हणाली, बाबा, चला माझ्याकडं, तिथं एकटे काय खाणार? गेलो. जावई चांगले, सासूसासरे चांगले, कांद्याचा धंदा, खायला-प्यायला काय कमी नाय. पण घरात बोलतात अहिराणी. सुरेखा सोडली तर कुणाचे ओठ मला वाचता येईनात, वेगळेच हलतात हो ते. आणि सुरेखा दिवसभर कामात, तिची पाठच दिसायची मला. एकदा व्याह्यांचं तोंड मोठं उघडलेलं दिसलं, मला वाटलं हसतायत, म्हणून पाहुणा आपला म्हणून मी पण हसलो. तर त्यांच्या भावाच्या मयताचं चाललं होतं. कुणी मला बोललं नाय, पण त्या दिवसापासून मी जेवताना ताटातनं मान वर केली नाय. घरी आलो आणि ठरवलं, पेन्शन झाली तर ह्या खोलीत राहता येईल, नाय झाली तर मरेपर्यंत सटाणा.

म्हणून गेलो सरकारी दवाखान्यात. बायको सांगून सांगून दमली तेव्हा गेलो नाय, ती गेल्यावर गेलो. डॉक्टरांनी समोर बसवून नाव इचारलं, सांगितलं. काम काय करत होता, सांगितलं. घरी कोण, कोणी नाय म्हणलं. ते म्हणाले, बाबा, तुम्हाला तर चांगलं ऐकू येतंय. मग एका बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्र, हातात बटण, आणि समोर काचेपलीकडं मशीनवाली मॅडम. तरुण पोरगी, गोड चेहऱ्याची. म्हणाली, आवाज आला की बटण दाबायचं. आता ती आवाज सोडायची तेव्हा तिचा खांदा जरासा हलायचा आणि नजर माझ्याकडं व्हायची. मी जन्मभर दुसरं केलं काय? तिचा खांदा हलला की दाबलं बटण. हलला की दाबलं. मला वाटलं ही परीक्षाच हाय, नापास झालो तर सर्टिफिकेट कोण देईल? घाम फुटला पण एक चुकू दिलं नाय. बाहेर आलो तर कागदावर बहिरेपणाचे टक्के लय कमी. चाळीसच्या वर लागतात म्हणे.

हसा हसा, मी पण नंतर हसलो.

जिन्यापर्यंत आलो तर कुणीतरी खांद्याला हात लावला. तीच पोरगी, धापा टाकत, हातात माझी पिशवी, खोलीत राहिली होती. म्हणाली, बाबा, किती हाका मारल्या तुम्हाला! मी म्हणलं, कधी? तर तिनं काखेतली फाईल काढून तोंडापुढं धरली. थोड्या वेळानं खाली केली आणि म्हणाली, मी आत्ता काय बोलले? मी म्हणलं, तुम्ही बोललात का? तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, आजचं लिहून गेलंय, साहेबांची सही झाली, पण पुन्हा अर्ज करा, आणि पुढच्या वेळी मी तुम्हाला पाठ करून बसवणार.

पुन्हा अर्ज केला, पुन्हा तारीख आली. तिनं मला भिंतीकडं तोंड करून बसवलं. यंत्र कानाला लावलं, हातात बटण दिलं, दार लावलं. मी बसलो. समोर नुसती भिंत, भोकं भोकं असलेली. मी आपला वाट बघतोय, आता सुरू करतील, आता सुरू करतील. म्हणलं मशीन बिघडलं की काय, का ही पोरगी चहाला गेली? मागं वळायचं नाय सांगितलं होतं म्हणून वळलो नाय. लय वेळ बसलो. मग दार उघडलं, तिनं समोर येऊन सांगितलं, झालं बाबा. मी म्हणलं, झालं? सुरू कधी झालं?

काय सांगू तुम्हाला, तिथंच बसून रडलो मी. पास झालो होतो, पण असा पास मला नको होता.

घरी आल्यावर शेजारच्या मंगलवहिनींना सांगितलं, डॉक्टर म्हणतात काय बी ऐकू येत नाय, लय वर्षांपासूनचं हाय. मी म्हणलं, असं कसं हो, इंदूचं तर मला सगळं ऐकू यायचं. वहिनींनी हातातलं निवडायचं ताट खाली ठेवलं. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, भाऊजी, तुमच्या घरातून इंदूताईंचा आवाज आम्ही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तुमच्याशी बोलायच्या तर नुसते ओठ हलवायच्या. आम्हाला वाटायचं, ह्यांचं भांडण हाय का काय.

म्हणजे मला तिचं बी ऐकू येत नाय, हे तिला ठाऊक होतं. माझ्या आधी, डॉक्टरांच्या आधी. आणि मी म्हणायचो बहिरा असंल तुझा बाप. पण मला तिचा आवाज यायचा हो, आत्ता बी येतो, थोडा घोगरा, चिडली की बारीक व्हायचा. तो नव्या नवरीचा आवाज माझ्याकडं राहून गेला होता, आणि मी तोच तिच्या ओठांना लावत होतो जन्मभर.

आता पेन्शन सुरू झालीय. सटाण्याला जायला नको. देवाची कृपा, त्या पोरीचं भलं होवो, तिला चांगलं घर मिळो. सुरेखा फोनवर तोंड दाखवती, पण मधेच चित्र अडकतं, ओठ उघडे राहतात तसेच, मग मी आपलं हो बेटा, हो बेटा करतो. ओट्यावर जाऊन बसतो संध्याकाळी, तर सगळी माणसं मोबाइलमध्ये मान घालून बोलतात. कारखान्यातली ओळ सगळी गेली, मामेभावानं मशिनी टाकल्या. ओठांवर बोलणारं आता कुणी नाय. दुकानात गेलो तर लोक आरडतात माझ्यावर, आरडून काय उपयोग, सावकाश बोला की.

झालं का तुमचं लिहून? मग एक काम करा, वही ठेवा बाजूला. माझ्याकडं बघा आणि आवाज न काढता बोला काहीतरी. काय बी बोला. लाजू नका, इंदू पण लाजायची. हां, जरा ओठ मोठे करा.

जेवलो, जेवलो. तुम्ही पण दोन घास खाऊन जा.