सरपंचाचे चुलते कुठं हायत?

माझी नोकरी एका चुलत्यामुळं वाचली, सांगितलं का तुम्हाला? इंदापूरच्या चॅनेलवर बातम्या एडिट करायला मीच. आमच्या मालकांनी, आबांनी, नवं सॉफ्टवेअर बघायला आणलं. त्यात वडगाव निंबाळकरच्या सरपंचाच्या सत्काराचं शूटिंग टाकलं, तर चहा संपायच्या आत बातमी आपोआप तयार! म्हटलं, आता माझं काय काम!

आबांनी बातमी बघितली. “सरपंचाचे चुलते कुठं हायत?”

“ते स्टेजवर नुसते बसले होते, आबा. सॉफ्टवेअरनं गाळले.”

“बसलेलंच तर दाखवायचं! सगळी भावकी टीव्हीपुढं बसणार हाय. आपल्या जुन्या सॉफ्टवेअरात चुलते येतात का न्हाय?”

“जुन्यात सगळं मलाच करावं लागतं.”

“मग जुनंच ठेवू. त्याच्यासंगं चुलते वळखणारं माणूस हाय.”