इथं केलं की तिथं होतं

तो मंगळवार होता की बुधवार, खरंच आठवत नाही, आणि तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवलेल्या माणसानं हे सांगावं म्हणजे... पण तुम्हाला सांगतो, संध्याकाळचे साडेपाच वाजले होते हे नक्की. नक्की म्हणजे, बहुतेक.

आमच्या श्रेयसनं त्याच्या साताऱ्याच्या आणि माझ्या सांगलीच्या कॉम्प्युटरची अशी काही गाठ मारून दिली, की इकडं लिहिलेलं तिकडं आपोआप उमटणार. "अण्णा, एवढंच लक्षात ठेवा," म्हणाला, "इथं केलं की तिथं होतं." सोपं आहे हो! पण मी साताऱ्याला गेलो, त्याच्या कॉम्प्युटरवर माझे 'मेंढपाळांचे शब्द' दिसले, आणि मनात आलं, मूळ प्रत सांगलीला आहेच की, पोराच्या घरात आपला पसारा कशाला? पुसले. कचरापेटीही रिकामी केली, मी काम अर्धवट सोडत नाही... आणि मग आठवलं. इथं केलं की तिथं होतं!

अकरा वर्षांचं काम हो! औंधच्या पलीकडच्या माळावर मेंढरांमागं चालता चालता कोंडीबानं सांगितलेले तीन हजार शब्द. त्याला फोन लावला, पुन्हा सांगशील का, तर म्हणतो, "सांगतो की गुरुजी, पर निम्मं इसरलो बगा. तुमी लिवून घेतलंय म्हनून मी निवांत हुतो." घ्या!

मग घरी फोन. आमच्याकडं सूर्यास्ताआधी जेवायचा नेम, म्हणजे पाचला चटणी, म्हणजे मिक्सर, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरचा प्लग बाहेर. यावरून मी जन्मभर कुरकुर केलेली. त्या दिवशी मात्र जीव मुठीत धरून विचारलं, कॉम्प्युटर चालू आहे का गं? चंदनबाला आधी दूध नासल्याचं सांगत बसली. मग म्हणाली, "प्लग काढलेलाच आहे की. का हो?" म्हटलं, हात लावू नकोस, त्याच्याकडं बघूसुद्धा नकोस!

सकाळच्या एसटीनं सांगली गाठली. श्रेयसनं फोनवरून सांगितलं तशी आधी इंटरनेटची वायर उपटली, मग कॉम्प्युटर लावला... तीन हजारच्या तीन हजार शब्द जागेवर. इथं केलं, पण तिथं झालंच नव्हतं!

पाच वर्षं मी त्या मिक्सरचे गोडवे गायले. आल्यागेल्याला दाखवला, रोज स्वतः पुसला.

परवा जुनं कॅलेंडर सापडलं. बुधवारच होता. चौकोनात चंदनबालाचं अक्षर: 'अष्टमी, उपवास. हे साताऱ्याला.' आता उपवासाला कसली चटणी आणि कसला मिक्सर? विचारलं, मग प्लग काढला कुणी?

शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तुम्हीच. गावाला जाताना धास्तीनं घरातले सगळे प्लग उपटून जाता. त्या दिवशी फ्रिजचासुद्धा उपटला होता, म्हणून तर दूध नासलं."