वीतभर राहिलेला चेंडू

देवाला हात जोडून झाले? आता इकडे बघा, मंडळी. माझ्या हातात काय आहे? नाही आजी, पेढा नाही – दात जातील! हा गोल्फचा चेंडू आहे. आज दुपारी आपल्या मारुतीच्या अंगणात येऊन पडला. भिंतीपलीकडे क्लब आहे ना, तिकडचे लोक मधूनमधून असा नैवेद्य धाडतात. त्यातलेच दोघंतिघं मागच्या खांबापाशी माना खाली घालून बसलेत. चेंडू कोणाचा, ते मी विचारत नाही. कीर्तन झाल्यावर घेऊन जा.

पण चेंडू हातात आला आणि मनात एक प्रश्न आला. माणूस म्हणतो, हे तर मी सहज करतो. डोळे झाकून करतो. माझ्या हातचा मळ आहे हा! आणि तेच दुसऱ्याच्या हातून चुकलं, की कसं तोंडसुख घेतो! मग मला सांगा – जे सहज करतो म्हणतो, ते तो खरोखर किती वेळा करतो? तुमच्यापैकी कोणी कधी मोजलंय स्वतःचं? मोजलं नाही. मी विचारतोय ते उगाच नाही.

ऐका तर मग. सावंत, पेटीवर जरा सूर धरून ठेवा.

असंच एक गाव, गावात असाच एक क्लब. तिथे डॉक्टर घैसास रोज सकाळी गोल्फ खेळायचे. दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना 'आ' करायला लावायचं, आणि सकाळी मैदानावर स्वतः बोलत सुटायचं! त्यांचे जोडीदार कोण? वसंतराव पोतनीस. म्हणजे डॉक्टरांचे व्याही. डॉक्टरांची ऋजुता वसंतरावांच्या घरी दिलेली. व्याही-व्याही रोज हसतखेळत एकत्र! मावशी, तुम्ही मान हलवताय. पण होती हो अशी जोडी, खरंच होती.

आता खेळ काय, तेवढं समजून घ्या. लांब मैदान, टोकाला झेंडा, झेंड्यापाशी भोक. चेंडू चार फटक्यांत भोकात घालायचा. चारांत काम झालं तर त्याला म्हणतात पार. पहिला फटका लांब जातो. मग झेंडा समोर दिसायला लागतो, हाकेच्या अंतरावर. तिथून आखूड लोखंडी काठी घ्यायची – नऊ नंबर म्हणतात तिला – आणि चेंडू अलगद उचलून झेंड्याजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर टाकायचा. मग दोन टोले, की आत. सोपं वाटतंय ना? डॉक्टरांनाही सोपं वाटायचं. म्हणायचे, ''नऊ नंबर हातात आला, की माझा पार झालाच म्हणून समजा.''

तर क्लबात जोड्यांची स्पर्धा लागली. दोघं व्याही एका बाजूला. खेळत खेळत शेवटच्या भोकापर्यंत आले. इथे दोघांतल्या एकाचा पार झाला की कप यांचा. डॉक्टरांनी पहिलाच फटका मारला... कुठे गेला असेल? तळ्यात! बुडुक! डॉक्टरांचा खेळ तिथेच आटोपला. आता सगळी भिस्त वसंतरावांवर. त्यांचा चेंडू मात्र अगदी बेताच्या अंतरावर पडलेला. झेंडा समोर. हातात नऊ नंबर.

वसंतरावांनी मारला. चेंडू हिरवळीच्या कडेला पडला. पहिला टोला मारला, भोकापासून वीतभर राहिला. वीतभर, मंडळी! दुसरा टोला मारला – भोकाच्या काठावरून निसटला.

कप गेला. जाऊ दे ना! कपात काय चहा प्यायचा होता? पण डॉक्टर भडकले. साऱ्या क्लबासमोर, लोक चहाचे पेले हातात घेऊन उभे असताना, मोठ्यांदा म्हणाले, ''अहो, इथून तर शेंबडं पोर पार करेल! तुमच्यामुळे गेला कप.''

बायामाणसांनो, तुम्हाला सांगायला नको. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला चारचौघांत असं बोलायचं? वसंतरावांनी चेंडू उचलला. काठ्या पिशवीत भरल्या आणि गेले.

आणि वेळ कोणती? ऋजुता बाळंतपणाला माहेरी आलेली. पाळण्यात मुलगा, बारसं तोंडावर आलेलं. वसंतरावांकडून निरोप आला – ''बारसं तुमचं तुम्ही उरकून घ्या. आमच्याकडून कोणी येणार नाही.'' कोणी नाही म्हणजे आत्यासुद्धा नाही! मग बाळाच्या कानात कुर्रर्र कोण करणार? नाव कोण ठेवणार? लेकरू पाळण्यात मुठी चोखतंय, आणि दोन आजोबांचं भांडण कशावरून? तर चेंडूवरून!

घरात सगळे डॉक्टरांना समजावून थकले. डॉक्टर हटून बसले. ''मी खोटं काय बोललो? तिथून मी रोज पार करतो.''

ऋजुता पोराला मांडीवर घेऊन ऐकत होती. तिला रडू येत होतं, पण रडली नाही. म्हणाली, ''बाबा, रोज करता ना? मग उद्या मामंजींसमोर करून दाखवा. त्याच जागेवरून दहा चेंडू, पहिला लांब फटका झालाय असं धरून प्रत्येक तीन फटक्यांत आत. सगळे पार झाले तर मी त्यांना सांगेन, माझे बाबा खरं बोलले. नाही झाले तर तुम्ही त्यांची माफी मागायची. आणि हो, दिलेला चेंडू धरायचा नाही.''

दिलेला चेंडू! इथे सगळी गंमत आहे. रोजच्या खेळात काय चालतं? चेंडू भोकाजवळ राहिला, की जोडीदार म्हणतो, ''दिला!'' म्हणजे आत गेला असं धरायचं. मारायचं कामच नाही. आणि पहिला फटका झुडपात गेला तर? ''हा सरावाचा होता!'' खिशातून दुसरा चेंडू. क्लबवाल्यांनो, असंच करता ना? बघा बघा, हसले! तर असे दिलेले, सरावाचे, सगळे धरून डॉक्टरांचे रोजचे पार झालेले. आणि देणारे कोण? रोजच्या रोज उदार मनानं 'दिला' म्हणणारे? हेच वसंतराव.

सुनेनं फोनवर गळ घातली म्हणून वसंतराव आले. झेंड्यापाशी हाताची घडी घालून उभे राहिले. रामराम नाही, काही नाही.

डॉक्टरांनी पहिला चेंडू मारला. वाळूच्या खड्ड्यात! खिशाकडे हात गेला... आणि थांबला. दुसरा हिरवळीवर पडला, पण लांब, आत जायला तीन टोले लागले. तिसऱ्याला पार झाला. डॉक्टरांनी ऐटीत वर पाहिलं. पुढचे दोन पुन्हा फुकट. घाम फुटला, मंडळी! दुसऱ्यांचे दात काढताना जो माणूस शीळ घालतो, तो दर फटक्याआधी तळहात विजारीला पुसायला लागला. नऊ चेंडू झाले. पार किती? तीन.

दहावा मात्र सुरेख बसला. पहिला टोलाही छान. चेंडू भोकापासून राहिला... किती? वीतभर. वसंतरावांचा राहिला होता तेवढाच.

वसंतरावांनी हाताची घडी सोडली. वाकले. चेंडू उचलला, डॉक्टरांपुढे धरला. म्हणाले, ''दिला.''

डॉक्टरांनी चेंडूकडे पाहिलं. मग म्हणाले, ''नको, वसंतराव. त्या दिवशी तुमचा कोणी दिला नव्हता. ठेवा खाली.''

चेंडू खाली ठेवला. डॉक्टरांनी मारला. भोकाच्या काठावरून फिरून बाहेर आला.

डॉक्टर तिथेच गवतावर बसले. म्हणाले, ''चुकलो मी. आजवर तुमच्या उदारपणाला मी माझा खेळ समजत होतो. त्या दिवशी बोललो त्याची फार लाज वाटते. माफ करा.''

वसंतराव शेजारी बसले. मग म्हणाले, ''पाळणा नीट टांगलाय ना? आमच्या लेकीच्या बाळाच्या वेळी दोरी ढिली होती.''

बस. बारसं झालं, आत्यानं कुर्रर्र केलं, दोन्ही आजोबांनी एकेका बाजूनं दोरी धरली.

आता तुमच्याकडे वळतो. कुठे निघालात काका? बसा! तुमचा रोज किती वेळा पार होतो? तुम्ही उशिरा घरी आलात, बायकोनं ताट झाकून ठेवलं – तिनं चेंडू दिला. काल आईला दिलेला शब्द विसरलात, तरी ती रागावली नाही – दिला. वरच्या साहेबानं चूक पाहून न पाहिल्यासारखं केलं – दिला! आणि तुम्ही? आज सुनेच्या आमटीत मीठ कमी पडेल. वीतभरच राहिलं असेल हो! तेव्हा तुमच्या तोंडून काय निघणार, ते मला नाही, त्या मारुतीरायाला ऐकायचंय.

टाळ उचला, त्याचं नाव घ्या, आणि घरी जाताना एक तरी चेंडू देऊन जा. सुरुवात मी करतो. क्लबवाले, उठा. आमच्या देवळाचं कौल फुटलंय, ते मी दुपारीच पाहिलं. धरा हा चेंडू. दिला!